मेहुण्याचे चोखोबा

बुलढाणा जिल्ह्याशी अनेक संतांची नावे जोडलेली आहेत. त्यांतील दोन नावे शेजारी ठेवली की आम्हाला नेहमी एक कोडे पडते. शेगावच्या गजानन महाराजांचे चरित्र आहे, पण त्यांची स्वतःची वाणी जवळजवळ नाही. 23 फेब्रुवारी 1878 रोजी ते शेगावात प्रथम दिसले आणि 8 सप्टेंबर 1910 रोजी समाधिस्थ झाले. दासगणूंनी 1939 साली 21 अध्यायांत रचलेल्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाची आज घरोघरी पारायणे होतात. मेहुणा राजाच्या चोखोबांची स्थिती अगदी उलटी आहे. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, म्हणजे वाणी आहे. चरित्र म्हणावे असे मात्र फारसे काही हाती लागत नाही. एका संताविषयी आपण पुष्कळ जाणतो आणि त्याचे शब्द आपल्याकडे नाहीत. दुसऱ्याचे शब्द शिल्लक आहेत, आणि ते उच्चारणारा माणूस कोणत्या गावी जन्मला हेही वादाचे आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला दुसरी स्थिती अधिक सोयीची वाटावी. संहिता हाती असली की चरित्राची फिकीर कशाला, असे आपण वर्गात सांगतोच. परंतु चोखोबांच्या बाबतीत हे सांगून भागत नाही, असा आमचा अनुभव आहे. ज्या गावाने त्यांना आपले मानले त्या गावाच्या स्मरणात संहिता वाचण्याची एक रीत दडलेली आहे, आणि तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. या लेखात आम्हाला एवढेच मांडायचे आहे.

मेहुणा राजा हे देऊळगाव राजा तालुक्यातील गाव. संतचरित्रांत त्याचे नाव मेहुणपुरी असे येते. 'राजा' हे उपपद या टापूत ठिकठिकाणी भेटते. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहुणा राजा ही सगळी जाधवरावांच्या सत्तेची खूण मानली जाते. जिजाऊंचा जन्म 12 जानेवारी 1598 रोजी सिंदखेडला झाला. दरवर्षी त्या दिवशी तेथे अलोट गर्दी लोटते. त्याच जानेवारीत मेहुण्यातही चोखोबांचा जन्मोत्सव होतो. तो त्या मानाने लहान असतो, आणि जिल्ह्याबाहेरच्या मराठीच्या प्राध्यापकांपैकी कितीजणांना तो ठाऊक असेल याविषयी आम्ही साशंक आहोत. चोखोबा म्हटले की त्यांना मंगळवेढे आठवते, पंढरपूर आठवते. विदर्भाच्या कडेचे हे गाव आठवत नाही.

त्यात त्यांचा फारसा दोष नाही. चोखोबांचे जे काही आयुष्य आपल्याला दिसते ते सारे भीमेच्या खोऱ्यातले आहे. मंगळवेढे हे त्यांचे राहण्याचे गाव, आणि पंढरपूर तेथून वीस-पंचवीस किलोमीटरांवर. गावकीची कामे करायची, मेलेली ढोरे ओढायची, वेठीला जायचे आणि उरलेल्या वेळात विठ्ठलाच्या दाराशी उभे राहायचे, हा त्यांचा क्रम. नामदेव हे त्यांचे गुरू. दाराच्या आत जाण्याची मुभा मात्र नाही. परंपरा सांगते की त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाचा ब्राह्मण लिहून घेत असे. मंगळवेढ्याच्या कुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीवर आणलेल्या मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गाडले गेले. ही घटना शके 1260 मधील, म्हणजे इसवी सन 1338 मधील, वैशाख वद्य पंचमीची मानली जाते. नामदेव तेथे गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती वेचली आणि पंढरपूरच्या महाद्वाराशी पुरली. ही कथा सर्वांना ठाऊक आहे.

जन्माची कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. चोखोबांचे आईबाप वेठीने आंब्यांचे ओझे वाहून नेत होते. वाटेत एका ब्राह्मणाने आंबा मागितला. आईने दिला. त्याने तो चोखून पाहिला आणि आंबट म्हणून परत केला. आईने तो पदरी बांधला, आणि पुढे त्याच आंब्याचे मूल झाले. चोखलेल्या आंब्याचा म्हणून तो चोखा. व्युत्पत्ती म्हणून हिचा विचार करण्याचे कारण नाही. कथा म्हणून मात्र तिच्यात एक कठोर सत्य आहे. चोखोबांच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना लोकस्मृतीने वेठ उभी केली आहे. जन्म वेठीच्या ओझ्यातून झाला आणि मृत्यू वेठीच्या भिंतीखाली. मधल्या आयुष्यातले इतर सारे चमत्कार बाजूला ठेवले तरी एवढी रेघ शिल्लक राहते, आणि ती कोणा कीर्तनकाराने सजावटीसाठी ओढलेली वाटत नाही.

येथे थोडे दूर पाहिल्याने मदत होते. फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा प्रदेश आहे. पाचव्या-सहाव्या शतकांत वेल्स आणि कॉर्नवॉलकडून समुद्र ओलांडून आलेल्या साधूंनी तेथे वस्त्या केल्या, असे तेथील परंपरा मानते. यांतील बहुतेकांना रोमच्या पोपने कधी रीतसर संतपद दिलेले नाही. अशी रीत पुढे कित्येक शतकांनी रूढ झाली. त्यांना संत केले ते गावांनी. कित्येकांचे तर चरित्रही उरलेले नाही. गावाचे नाव, एक झरा, एक प्रार्थनाघर आणि वर्षातून एक दिवस एवढेच उरले आहे. ज्यांची चरित्रे आहेत तीही उशिराची. लँदेव्हेनेक मठाचा संस्थापक संत गेनोले सहाव्या शतकातला मानला जातो, आणि त्याचे विस्तृत चरित्र त्याच मठाच्या प्रमुखाने नवव्या शतकात लिहिले. लोक्रोनान गावात संत रोनानच्या नावाने दर 6 वर्षांनी एक मोठी प्रदक्षिणा निघते. वाट सुमारे 12 किलोमीटरांची आहे. हा संत रोज या वाटेने चालत असे, अशी श्रद्धा आहे. ती वाट चालणे हेच तेथे चरित्राचे वाचन आहे, असे म्हणता येईल.

ख्रिस्ती संतचरित्रांचा चिकित्सक अभ्यास करणारे बेल्जियमचे पाद्री इपोलित दलेए यांनी 1905 साली संतकथांवर एक ग्रंथ लिहिला. एकाच प्रकारचे चमत्कार वेगवेगळ्या संतांच्या नावावर कसे फिरतात, हे त्यांनी दाखवले. त्याच वेळी एक उपयुक्त भेदही त्यांनी केला. संताविषयीची कथा कितीही उशिराची आणि उसनी असो, त्याच्या पूजेचे ठिकाण आणि त्याचा स्मृतिदिन ही वेगळ्या प्रकारची साक्ष असते. ठिकाण आणि तिथी यांना लोक सहसा धरून राहतात. कथा बदलत जाते. चोखोबांना हा भेद लावला तर पंढरपूरची पायरी आणि वैशाख वद्य पंचमी ही जोडी भक्कम दिसते. मग मेहुण्याचे काय? तेथे जन्मोत्सव आहे, परंतु जन्माचे सालही कोणाला सांगता येत नाही. मंगळवेढ्याचाही जन्मस्थानावर हक्क आहे. मेहुण्याची साक्ष कच्ची ठरवून पुढे जाणे सोपे आहे.

तसे आम्हाला करवत नाही, आणि त्याचे कारण केवळ जिल्ह्याचा अभिमान नाही. मेहुणपुरीचे नाव संतपरंपरेत आणखी एका नात्याने येते. चोखोबांची बहीण निर्मळा आणि तिचे पती बंका यांचे ते गाव. सोयराबाईंच्या बाळंतपणाची प्रसिद्ध कथा येथेच येऊन मिळते. सोयराबाईंचे दिवस भरत आले आहेत आणि घरात काही नाही. चोखोबा बायकोला न सांगता बहिणीच्या गावी निघून जातात. इकडे विठ्ठल निर्मळेचे रूप घेतो, नणंद म्हणून घरात येतो आणि वहिनीचे बाळंतपण करतो. चोखोबा परत येतात तेव्हा सोयराबाई नणंदेचे गुण गात असतात, आणि नणंद तर आपल्या गावीच होती हे चोखोबांना ठाऊक असते.

गावाचे नाव 'मेहुणा' असावे आणि तेथे चोखोबांचे मेहुणे राहत असावेत, हा योगायोग कोणाच्याही लक्षात यावा असा आहे. त्यावरून नावाची उपपत्ती लावण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. मात्र एक गोष्ट मनात राहते. मेहुण्याला चोखोबांचे जन्मगाव माना किंवा बहिणीचे गाव माना, दोन्ही बाजूंनी हे गाव त्यांना नात्यांतून ओळखते. पंढरपूरला चोखोबा हे पायरीशी थांबलेले भक्त आहेत. मंगळवेढ्याला ते भिंतीखाली सापडलेले मजूर आहेत. मेहुण्याला ते कोणाचे तरी भाऊ आहेत, कोणाचे मेहुणे आहेत, आणि त्यांच्यामागे घर आहे. पंढरपूरपासून तीनशेएक किलोमीटर दूर असलेल्या या गावाने जपले ते हे घर.

आणि हे घर साधे नव्हे. मराठी साहित्याच्या इतिहासात अशी घरे फार थोडी आहेत. चोखोबा, त्यांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा ही एका कुटुंबातील पाच माणसे, आणि पाचांचेही अभंग उपलब्ध आहेत. चोखोबांच्या मानाने इतरांची संख्या लहान आहे. सोयराबाईंचे साठएक, इतरांचे त्याहून कमी. आळंदीच्या चार भावंडांचे कौतुक आपण योग्यच करतो. परंतु गावकुसाबाहेरच्या एका झोपडीत चौदाव्या शतकात पाच कवी होते, ही गोष्ट मात्र आपण पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत टाकतो. अभ्यासक्रमात चोखोबांचे दोन अभंग असतात, सोयराबाईंचा असलाच तर एक, आणि तेही वेगवेगळ्या घटकांत. त्यामुळे घर मोडते आणि सुटे आवाज उरतात.

सुटे वाचले की काय होते हे एका उदाहरणाने सांगतो. चोखोबांच्या अभंगांत दोन सूर आहेत. एका सुरात ते देवाला हाक मारतात. देवाचा हार आपल्या गळ्यात कसा आला, या आळापायी बडव्यांनी आपल्याला मारले, आता धाव घे, असे सांगतात. दुसऱ्या सुरात ते आपल्या जन्माचे कारण स्वतःच देतात. मागल्या जन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा जन्म आला, असे त्यांच्या एका अभंगात येते. हा दुसरा सूर आजच्या वाचकाला सहन होत नाही, आणि होऊही नये. अन्याय सोसणाऱ्यानेच अन्यायाचे समर्थन पुरवावे, यासारखी वेदनादायक गोष्ट नाही. केवळ चोखोबांचे अभंग हाती असले तर वाचक एक तर या सुराला भक्तीचा नम्र भाव म्हणून झाकतो, किंवा त्याच्यामुळे साऱ्या चोखोबांना नाकारतो.

घर एकत्र वाचले की चित्र पालटते. त्याच घरात सोयराबाई आहेत. स्वतःची ओळख देताना त्या नवऱ्याचे नाव घेतात आणि जातीचे नाव लपवीत नाहीत. विटाळ देहातच जन्मतो, मग देह धारण करणारा कोण सोवळा, असा बिनतोड युक्तिवाद त्या करतात. त्याच घरात निर्मळा आहेत. भावाला गुरू मानणाऱ्या या बाई संसाराचा शीण उघड बोलून दाखवतात. बंका आहेत, आणि त्यांच्या अभंगांत चोखोबांविषयीची प्रीती ओसंडते. आणि त्याच घरात कर्ममेळा आहेत. बापाने ज्या प्रश्नाला पूर्वकर्माचे उत्तर दिले, तो प्रश्न मुलगा थेट देवापुढे टाकतो. आम्हाला हीन कोणी केले, उष्ट्यावर जन्म घालवायला कोणी लावले, आणि याची लाज तुला कशी वाटत नाही, असा त्यांचा रोख आहे. आमच्या घरचे अन्न तुला चालले, ते कसे नाकारतोस, हाही सवाल ते करतात.

या सवालाच्या शेजारी एक सांप्रदायिक कथा ठेवावी. विठ्ठल चोखोबांच्या घरी जेवायला आला. वाढताना सोयराबाईंच्या हातून दही त्याच्या पीतांबरावर सांडले. चोखोबा बायकोला बोलत होते, ते बाहेरून जाणाऱ्या ब्राह्मणाने ऐकले. महाराच्या घरी देव जेवतो म्हणतो, म्हणून त्याने चोखोबांना थप्पड मारली. नंतर त्याला देवळात विठ्ठलाचा गाल सुजलेला आणि पीतांबरावर दही दिसले. कथेला गोड शेवट आहे. ब्राह्मण वरमतो आणि चोखोबांची थोरवी सिद्ध होते. कर्ममेळा त्याच जेवणाची आठवण देतात आणि गोड शेवट नाकारतात. देव जेवून गेला, पण आमची स्थिती बदलली का, एवढेच त्यांना विचारायचे आहे. संतकथेने दिलेले सांत्वन आणि त्या सांत्वनावरचा आक्षेप हे दोन्ही एकाच चुलीपाशी जन्मले आहेत.

एकदा वर्गात बाळंतपणाची कथा सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, बाळंतपण करायला घरी येणारा देव देवळाचे दार आतून का उघडत नाही?" वर्ग क्षणभर शांत झाला. आम्ही तिला कर्ममेळांचे अभंग वाचायला दिले. दुसऱ्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "म्हणजे हे त्यांनी आधीच विचारले होते." तिचा प्रश्न आधुनिक आहे आणि भक्तिसाहित्याला तो बाहेरून विचारला गेला आहे, असा आपला समज असतो. तसा तो नाही. तो घरातच विचारला गेला होता. आपण घर वाचले नव्हते.

दलित चळवळीने चोखोबांविषयी जी भूमिका घेतली तिच्याकडेही या दृष्टीने पाहावे असे वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी चोखोबांचे नाव जागृतीच्या कामी आले. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी त्यांच्या नावाने मुलींची शाळा चालवली, आणि त्यांच्या नावाची वसतिगृहे निघाली. पुढे त्र्यंबकेश्वरी चोखोबांचे मंदिर बांधण्याचा विचार निघाला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो मान्य केला नाही. अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढणे हेच खरे स्मारक, ही त्यांची भूमिका होती. तरीही 1948 साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. 14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक घरांतून विठोबाबरोबर चोखोबाही गेले, आणि ते स्वाभाविक होते. मंदिर नको पण अर्पणपत्रिका हवी, या आंबेडकरांच्या वागण्यात आम्हाला विसंगती दिसत नाही. पूजा आणि आदर यांतला फरक त्यांनी नेमका ओळखला होता. पूजा माणसाला पायरीशी उभे करून ठेवते. आदर त्याचे बोलणे ऐकून घेतो आणि प्रसंगी त्याच्याशी भांडतो.

ज्या पायरीबद्दल आपण बोलतो तिचाही इतिहास विसरता येत नाही. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशेहून अधिक वर्षे त्यांच्या जातीच्या माणसाला तेथून पुढे पाऊल टाकता आले नाही. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले आणि मग विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले झाले. सहा शतके लोक समाधीला नमस्कार करून आत जात होते, आणि चोखोबांचे वंशज समाधीपाशीच थांबत होते. स्मरणाची जागा कोठे आहे यावर स्मरणाचा अर्थ किती ठरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

म्हणून मेहुण्याच्या जन्मोत्सवाकडे आम्ही ऐतिहासिक दावा म्हणून पाहत नाही. तो सिद्ध होण्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. ब्रिटनीतल्या खेड्यांनी आपापले संत जसे वाटेशी, झऱ्याशी, वर्षातल्या एका दिवसाशी बांधून ठेवले, तसे या गावाने चोखोबांना नात्याशी बांधून ठेवले. पायरीवरच्या चोखोबांना आपण एकटे पाहतो, आणि एकटा माणूस लवकर प्रतीक होतो. प्रतीकाला भूक लागत नाही, त्याची बायको बाळंत होत नाही, त्याचा मुलगा त्याच्याशी असहमत होत नाही. बहिणीच्या गावी वाट चालत जाणारा माणूस प्रतीक होऊ शकत नाही. तो घरची चिंता घेऊन निघालेला असतो.

मराठी शिकवणाऱ्या आमच्या मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की एक सत्र तरी या पाचांना एकत्र शिकवून पाहावे. क्रमही लावता येईल. आधी सोयराबाई, मग निर्मळा आणि बंका, मग चोखोबा, आणि शेवटी कर्ममेळा. चोखोबा मधे आले की ते कोणाला उत्तर देत होते आणि त्यांना कोण उत्तर देणार होते, हे दोन्ही दिसते. त्यासाठी नवी साधने शोधावी लागत नाहीत. गाथा छापलेल्या आहेत, पाचही नावे त्यांत आहेत. फक्त पाने शेजारी ठेवायची आहेत.